बालस्वभाव आणि अंतःस्रावी ग्रंथी

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या वेळा उच्चारली जाते की, ती खरी की खोटी हे तपासून पाहण्याची कोणास आवश्यकताच वाटत नाही. सासू-सुनांच्या, भाऊबंदांच्या किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत ती बहुधा खरीच ठरते, आणि त्याविषयी मला आज काही बोलावयाचे नाही. परंतु हीच म्हण जेव्हा पाळण्यातील बाळास लावली जाते, तेव्हा मात्र क्षणभर थांबणे इष्ट होय. कारण ज्यास आपण बाळाचा स्वभाव म्हणतो, त्याआड क्वचित असा एखादा विकार दडलेला असतो की, त्यास औषध आहे, ते अचूक आहे आणि ते स्वस्तही आहे. फक्त ते सुरू करण्याचा काळ अतिशय थोडा असतो. तो काळ निघून गेला म्हणजे मग म्हण खरी होते.

जालना शहरासंबंधी "जालना सोने का पालना" असे म्हणण्याची जुनी चाल आहे. शहराच्या व्यापारी भरभराटीचे ते वर्णन आहे. पण श्रोतेहो, आज तो पाळणा आपण शब्दशः घेऊ या. जालन्यातील किंवा अंबड, भोकरदन, परतूर येथील एखाद्या सुशिक्षित घरी बारशास जमलेल्या बायकांचे बोलणे कानांवर घ्यावे. एक म्हणते, "किती गरीब बाळ आहे हो! पाळण्यात घातलं की हूं नाही की चूं नाही." दुसरी म्हणते, "दुधालासुद्धा उठवावं लागतं म्हणे. नशीब काढलंन् आईनं!" आणि बाळाची आईही, रात्रीची जागरणे चुकली म्हणून, समाधानाने हसते. बहुसंख्य घरांत हे समाधान यथार्थच असते. काही मुले शांत असतात आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु एखाद्या घरी त्या बाळाच्या गळ्यातील एक लहानशी ग्रंथी आपले काम करीतच नसते, आणि ज्या गुणाचे कौतुक चालले आहे तो गुण नसून त्या ग्रंथीचे मौन असते.

या ग्रंथींचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. आपल्या शरीरात निरोप पोचविण्याच्या दोन व्यवस्था आहेत. एक मज्जातंतूंची. ती तारायंत्रासारखी: अमुक ठिकाणाहून निघालेला संदेश अमुकच ठिकाणी जावयाचा. दुसरी व्यवस्था दवंडीसारखी. दवंडीवाला सबंध गावभर हिंडतो, पण ज्याच्या कामाची गोष्ट असेल तोच घराबाहेर पडतो. त्याप्रमाणे काही ग्रंथी आपला रस नळीवाटे कोठे न सोडता सरळ रक्तात मिसळून देतात; रक्ताबरोबर तो सर्व शरीरात फिरतो, आणि ज्या अवयवास त्याची भाषा समजते तो अवयवच त्यास उत्तर देतो. लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ साली अशा एका रसाचे अस्तित्व सिद्ध केले, आणि १९०५ साली स्टार्लिंगने या रसांना 'हॉर्मोन' असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चालना देणे, चेतविणे असा आहे. मराठीत त्यासाठी 'संप्रेरक' हा शब्द रूढ झाला आहे आणि तो मूळ शब्दापेक्षा अधिक बोलका आहे, असे मला वाटते. मेंदूच्या तळाशी पियूषिका, गळ्यात अवटू म्हणजे थायरॉइड, मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क आणि जठराच्या मागे स्वादुपिंड, अशी या ग्रंथींची ठिकाणे आहेत. आजच्या विषयापुरती एवढी ओळख पुरे.

यांपैकी लहान बाळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती गळ्यातील अवटू ग्रंथी. फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी आयोडीन नावाचे द्रव्य रक्तातून वेचून घेते व त्यापासून थायरॉक्सिन तयार करते. प्रौढ मनुष्यास थायरॉक्सिन कमी पडले तर तो सुस्त होतो, त्यास थंडी सोसवत नाही, त्याचा आवाज घोगरा होतो, बुद्धी मंदावते; पण औषध मिळाले की तो पूर्ववत् होतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या वैद्याने १८९१ साली अशा एका रुग्ण स्त्रीस मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्या वेळी ४६ वर्षांची होती. ती सुधारली आणि पुढे १९१९ पर्यंत जगली. १९१४ साली केंडॉल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. आज जी गोळी मिळते ती कारखान्यात तयार होते, आणि मेंढीची गरज उरलेली नाही.

बालकाची गोष्ट मात्र प्रौढापेक्षा अगदी वेगळी आहे. जन्मल्यापासून पहिली दोन-तीन वर्षे मेंदूची बांधणी चालू असते. मज्जातंतूंवर आवरण चढत असते, त्यांचे एकमेकांशी धागे जुळत असतात, आणि या सर्व कामावर थायरॉक्सिनची देखरेख असते. घर बांधून झाल्यावर गवंडी चार महिने आला नाही तर फारसे बिघडत नाही. पण पायाभरणीच्या वेळीच तो आला नाही तर पुढे कितीही मजूर लावून ती उणीव भरून निघत नाही. म्हणून ज्या बाळाची अवटू ग्रंथी जन्मतः नसते किंवा काम करीत नाही, त्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर ते इतर मुलांसारखे शाळेत जाते, शिकते, भांडते. तेच औषध वर्षभराने सुरू केले तर शरीर वाढते, पण बुद्धीची जी हानी झालेली असते ती बहुतांशी तशीच राहते.

आता या बाळाची लक्षणे ऐका. ते पुष्कळ झोपते. अंगावर पिताना मध्येच दमून थांबते. रडते थोडे, आणि रडले तर आवाज जाडसर, घोगरा येतो. जन्मानंतरची कावीळ दोन आठवडे उलटले तरी जात नाही. पोट फुगलेले, बेंबी पुढे आलेली, जीभ मोठी, त्वचा कोरडी व गार, शौचास घट्ट आणि खाड्याने. यांतील एखादे लक्षण सुटे घेतले तर त्यास फारसा अर्थ नाही. अंगावर पिणारे निरोगी बाळही कधी कधी दोन-तीन दिवस शी करीत नाही, आणि बेंबी तर कित्येकांची पुढे येते. पण ही लक्षणे जोडीने दिसू लागली तर शेजारणीच्या अनुभवावर विसंबू नये.

याहून कठीण गोष्ट अशी की, पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक बाळांत यांपैकी काहीच दिसत नाही. गर्भात असताना आईच्या रक्तातील थायरॉक्सिन थोडेफार बाळास मिळालेले असते आणि त्या शिदोरीवर ते काही दिवस काढते. म्हणजे लक्षणे स्पष्ट होईपर्यंत मोलाचा काळ निघून गेलेला असतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे लक्षणांची वाटच न पाहणे. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की, त्याच्या टाचेस बारीकशी सुई टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घ्यावयाचे आणि ते प्रयोगशाळेकडे धाडावयाचे. टिपकागदाची युक्ती अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास दुसऱ्या एका विकारासाठी काढली. अवटूच्या विकारासाठी तिचा उपयोग कॅनडातील क्वेबेक प्रांतात ज्याँ ड्युसो यांनी १९७० नंतरच्या दशकात करून दाखविला. बालकांच्या विकारांच्या इतिहासात एवढ्या थोड्या खर्चात एवढी हानी टाळल्याची उदाहरणे फार नाहीत.

आपल्याकडे मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी नवजात बालकांच्या रक्ताची अशी पाहणी १९८० नंतरच्या दशकात केली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह निरनिराळ्या शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली, तेव्हा सुमारे अकराशे जन्मांमागे एक बालक या विकाराचे आढळले. पाश्चात्त्य देशांतून पूर्वी जे प्रमाण सांगितले जात असे, ते तीन ते चार हजारांमागे एक असे होते. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे अधिक निकडीचा आहे. हे प्रमाण जालना जिल्ह्यास लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली. दर हजारी १५ जन्म धरले तरी वर्षाकाठी २९ हजारांवर बाळे जन्मास येतात, आणि त्यांत पंचवीसएक बाळे अशी असणार. हा माझा केवळ कागदावरील हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरी दर महिन्यास जिल्ह्यात कोठे तरी दोन पाळणे असे हलत असतील की, ज्यांतील शांततेचे कौतुक करावयाचे नाही, एवढे ध्यानी यावे.

गोव्याच्या शासनाने नवजातांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम २००८ साली हाती घेतला होता. संबंध देशात मात्र ही तपासणी अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, आणि त्यात ज्या विकारांकडे लक्ष द्यावयाचे त्यांमध्ये या विकाराचाही समावेश आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा पाहणी होते, तीही उपयुक्त आहे. परंतु अंगणवाडीत येण्याइतके मूल मोठे होईपर्यंत या विकाराच्या बाबतीत थांबता येत नाही, हे वर सांगितलेच. शहरातील सुशिक्षित मंडळींनी निदान आपल्या घरच्या बाळंतपणात डॉक्टरांस हा प्रश्न तोंडाने विचारावा: "बाळाच्या थायरॉइडची तपासणी झाली काय?" दुसऱ्याच दिवशी घरी जाण्याची घाई करणाऱ्या बाळंतिणींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जन्मानंतर पहिल्या दिवशी या ग्रंथीला चालना देणारे पियूषिकेचे संप्रेरक एकदम चढते, त्यामुळे त्या दिवशीच्या रक्तावरून उगाच शंका उत्पन्न होऊ शकते. दुसऱ्या दिवसानंतरचे रक्त अधिक विश्वसनीय. आणि कागदावर "पुन्हा तपासा" असा शेरा आला तर त्याच दिवशी पुन्हा तपासावे. पाचवी-सहावी उरकल्यावर, किंवा सोहेर फिटल्यावर असे म्हणू नये.

औषध म्हणजे एक लहानशी गोळी. दोन चमच्यांमध्ये ती चुरडून, चार थेंब पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून रोज ठरल्या वेळी बाळास चाटवावयाची. बाळगुटीबरोबर ती सहाणेवर उगाळू नये, आणि लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध चालू असेल तर दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. कारण त्यांच्या सान्निध्यात ती नीट शोषली जात नाही. वजनाप्रमाणे मात्रा बदलत जाते, म्हणून रक्त वरचेवर पाहावे लागते. सर्वांत मोठा धोका औषध न मिळण्याचा नाही, ते मध्येच थांबविण्याचा आहे. बाळ हसूखेळू लागले, आता गोळी कशास, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मोडण्याचे धैर्य सुनेस नसते. मुलास तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत गोळी बंद करण्याचा विचारही करावयाचा नाही. त्यानंतर काही मुलांची गोळी डॉक्टर महिनाभर थांबवून पाहतात. ग्रंथी जागी झाली असेल तर उत्तम, नसेल तर गोळी जन्मभर.

औषध सुरू झाल्यावर एक मौज घडते. जे बाळ दुधासाठीही उठत नसे ते रात्री जागू लागते, भूक लागताच घर डोक्यावर घेते, लंगोट ओला झाला की कांगावा करते. आमचे गुणी बाळ बिघडले, अशी तक्रार घेऊन काही आयाबाया येतात. त्यांस सांगावे लागते की, बाई, तुमचे बाळ आता कोठे आपल्या स्वभावाने वागू लागले आहे.

आता मिठाविषयी. बाळाची ग्रंथी उत्तम असली तरी तिला लागणारा माल, म्हणजे आयोडीन, न मिळाल्यास ती करणार काय? आणि हा माल बाळास जन्मापूर्वी आईकडूनच मिळावयाचा असतो, कारण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याची स्वतःची ग्रंथी कामास लागलेलीच नसते. आयोडीन नसलेल्या भूमीत पिकलेले धान्य खाणाऱ्या लोकांस गलगंड होतो हे जुने ज्ञान आहे. परंतु गलगंड हे त्या दुखण्याचे केवळ दिसणारे टोक. त्याच गावांतून मुले मंद, उदासीन, शाळेत मागे पडणारी अशी निपजतात, आणि मग "त्या गावचे पाणीच तसे" असे म्हणून सबंध गावाचा स्वभाव ठरविला जातो. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक मोठा प्रयोग आरंभिला. सुमारे एक लाख वस्तीच्या प्रदेशाचे तीन भाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरविले व तिसऱ्यात साधे. पाचसहा वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंड झपाट्याने उतरला. १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होते.

हा केवळ हिमालयाचा प्रश्न आहे अशी समजूत पुष्कळ दिवस होती. ती चुकीची ठरली. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतही आयोडीनची उणीव आढळलेली आहे. जालन्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागात समुद्रातील मासळी रोजच्या जेवणात नसते, तेव्हा मिठावाचून दुसरा भरवशाचा मार्ग नाही. आपल्याकडील बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावरून येते, आणि कायद्याप्रमाणे दुकानातून घरी येणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. म्हणजे दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, आणि प्रौढास दिवसाकाठी लागते ते तेवढेच. गरोदर स्त्रीस २५० लागते. तिने त्यासाठी मीठ अधिक खावे असे मात्र नाही. डॉक्टर अन्य मार्गाने ती भर घालतात. स्वयंपाकघरात एवढेच पाहावे की, मिठाच्या बरणीचे झाकण उघडे राहू नये, बरणी चुलीशेजारी किंवा उन्हात नसावी, आणि लोणच्यासाठी आणलेले जाडे मीठ रोजच्या आमटीत पडू नये. उपवासास सैंधव वापरणे निराळे. अलीकडे सैंधवच रोज खाणे ही सुशिक्षित घरांतील नवी आवड झाली आहे. त्यात आयोडीन मुद्दाम मिसळलेले नसते, आणि ज्या घरात सून गरोदर आहे तेथे ही आवड महाग पडेल.

येथपर्यंत ऐकून एखाद्या श्रोत्यास वाटेल की, मग मुलांचा सर्व स्वभाव ग्रंथींच्याच हाती आहे. वर्तमानपत्रांतून तसे लेख येतातही: अमुक रसाने राग येतो, तमुक रसाने प्रेम उत्पन्न होते. ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि माझ्या मते सुशिक्षितांत आज तीच अधिक फैलावत आहे.

जालना जिल्ह्यातील जांब या गावाचेच उदाहरण घ्या. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी दोन मुलगे झाले. थोरला गंगाधर, शांत आणि घरप्रपंचात रमणारा. धाकटा नारायण १६०८ सालचा, झाडांवर चढणारा, पाण्यात उड्या घेणारा, हट्टी. हा नारायण एकदा दिवसभर नाहीसा झाला आणि शोध करता अडगळीच्या खोलीत विचार करीत बसलेला सापडला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे बारा वर्षांचा असताना तो बोहल्यावरून पळाला, आणि जगाने त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखले. एकच आई, एकच घर, एकच पाणी आणि स्वभाव मात्र दोन. कथांतील तपशील कोणी कसाही घेवो. अशा भावंडांच्या जोड्या आपल्याही घरांत आहेत. त्यांतील फरक अमुक एका रसाच्या थेंबांत मोजून दाखविता येत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास ठेवून पाहिले. सुमारे शेकडा २० बाळे हातपाय झाडून रडू लागली, शेकडा ४० बाळे स्वस्थ राहिली आणि उरलेली या दोहोंच्या मध्ये. पहिल्या प्रकारातील पुष्कळ मुले पुढे बुजरी निघाली. पण सर्व नव्हेत. मेंदूच्या ठेवणीत जन्मतःच काही भेद असतो, एवढे यावरून दिसते. ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या भेदाचा बहुधा परिणाम असते. ते कारण आहे असे सरसकट म्हणता येत नाही. मिनेसोटा येथील मेगन गुन्नर आणि त्यांचे सहकारी यांनी बुजऱ्या स्वभावाच्या लहान मुलांस अनोळखी प्रसंगांत नेऊन त्यांचे कॉर्टिसॉल मोजले. ज्या मुलांचा आपल्या आईवर पूर्ण विश्वास होता, ती घाबरली तरी त्यांचे कॉर्टिसॉल फारसे चढले नाही. ज्यांचा तसा विश्वास नव्हता त्यांचे चढले. म्हणजे मूल बुजरे असणे ही एक गोष्ट, आणि त्या बुजरेपणाची झळ शरीरास लागणे ही दुसरी. पहिली आपल्या हाती नाही. दुसरी बरीचशी आहे.

याच दृष्टीने पाळणाघरांचाही अभ्यास झाला आहे. मोठ्या माणसांचे कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत अधिक असते व दिवस कलेल तसे उतरते. पाळणाघरातील पुष्कळ लहान मुलांत ते दुपारी उतरण्याऐवजी वाढलेले आढळले, आणि जेथे सांभाळणारी बाई सारखी दटावणारी, मुलांस ओढूनताणून वागविणारी होती तेथे ही वाढ अधिक दिसली. नोकरी करणाऱ्या आयांनी हे ऐकून मनास लावून घेऊ नये. पाळणाघर निवडताना खेळण्यांच्या कपाटापेक्षा त्या बाईकडे अधिक पाहावे, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. आणि दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची आठवण येथे ठेवावी. त्यांची तान्ही मुले फडाच्या कडेला, खोपीत, भावंडाच्या कडेवर दिवस काढतात. त्यांच्या चिडचिडेपणाचे निदान करण्यास लाळेची तपासणी नको. आणि आपल्या घरातील मुलासाठीही ती नको: एखाद्या मुलाचे कॉर्टिसॉल एकदा मोजून त्याच्या स्वभावाविषयी काही सांगता येत नाही, मग ती तपासणी विकणारी दुकाने काही म्हणोत.

मुलग्यांच्या दांडगाईविषयीही एक भ्रम आहे. "मुलगाच तो, पुरुषी रस उसळणारच," असे चार वर्षांच्या मुलाविषयी म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी की, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुलग्यांत जन्मानंतर एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान काही काळ वाढते, सहा महिन्यांच्या सुमारास खाली येते, आणि वयात येण्याची चाहूल लागेपर्यंत अगदी अल्प राहते. इतके की, त्या काळात मुलगा व मुलगी यांत त्याचा फरक नगण्य असतो. गर्भावस्थेत या रसाचा परिणाम खेळाच्या आवडीनिवडीवर होतो, असे मात्र दिसते. ज्या मुलींच्या अधिवृक्क ग्रंथी जन्मतः बिघडलेल्या असतात आणि त्यामुळे गर्भातच पुरुषी रस अधिक निर्माण होतो, त्या मोटारी व ठोकळ्यांकडे अधिक वळतात, असे अभ्यास आहेत. पण शेजारच्या मुलीची वेणी ओढणाऱ्या चार वर्षांच्या चिरंजिवांस या शास्त्राचा आधार मिळत नाही. तेथे आईबापांनीच काय ते करावयाचे.

शेवटी एका विकाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात स्वभावाच्या नावाखाली मुलास मारसुद्धा खावा लागतो. चारपाच वर्षांचे, रात्री अंथरूण ओले न करणारे मूल एकाएकी पुन्हा ओले करू लागते. घरात धाकटे भावंड नुकतेच आलेले असेल तर सर्वजण म्हणतात, "मत्सर करतो." शाळा नुकती सुरू झाली असेल तर, "ढोंग करतो." ते सारखे पाणी मागते, चिडचिड करते, जेवते पुष्कळ आणि तरी वाळत जाते, त्याच्या लघवीस मुंग्या लागतात. हे स्वादुपिंडातील इन्सुलिन संपत चालल्याचे लक्षण आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास पहिल्याने इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले काही महिन्यांत दगावत. आज ती मोठी होतात, शिकतात, संसार करतात. जालन्यापासून जवळच, छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. इन्सुलिन चालू असलेल्या मुलाने जेवणापूर्वी अकारण आकांत मांडला, त्यास घाम फुटला, ते थरथरू लागले, तर रागावण्यापूर्वी त्याची साखर पाहावी. ती उतरलेली असते, आणि चमचाभर साखर किंवा गूळ दिल्यावर दहापंधरा मिनिटांत तेच मूल शहाण्यासारखे खेळू लागते.

ज्याचे निदान अद्याप झालेले नाही अशा मुलाच्या बोटातील रक्ताचा एक थेंब पुरतो, आणि उत्तर मिनिटाभरात मिळते. ही तपासणी गावातील कोणत्याही डॉक्टरकडे व प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. मात्र मूल धापा टाकू लागले, ओकू लागले किंवा गुंगू लागले तर रात्र असली तरी त्याच वेळी मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. सकाळच्या गाडीची वाट पाहू नये.